प्रत्यक्ष संभाषण झाले

७ ऑक्टोबर, सोमवार

तोच खोकला!

आज मुद्दाम कान देऊन ऐकलं. दहाच्या ठोक्याला फोनचं हँडल फिरवलं, विचारलं, "ऐकू येतंय का?" – "येतंय. इकडे सगळं शांत. तिकडे?" – "इकडेही सगळं शांत." – "ठीक." मग खोकला. एक मोठा आणि त्याच्यामागे एक बारीक, शेपटीसारखा. मग लांबून कुठल्यातरी ट्रकचा हॉर्न, दोनदा. काल असंच. परवा असंच. माणूस रोज खोकेल एकवेळ. पण ट्रक काय रोज त्याच्या खोकल्याची वाट बघत उभा राहणार?

पलीकडे माणूस नाही. टेप आहे.

रजिस्टर उघडलं. सकाळी दहा वाजता प्रत्यक्ष संभाषण झाले. खाली सही. शाई फिकी झालीय, नवी बाटली मागवायला हवी – एवढंच मनात आलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

खात्री करून घ्यावी म्हणून आज उत्तर लांबवलं. "तिकडे?" म्हटल्यावर मनात दहापर्यंत आकडे म्हटले. जित्या माणसाने एव्हाना "हॅलो, हॅलो" केलं असतं. तिकडून हूं की चूं नाही. मग मी "इकडेही सगळं शांत" म्हणालो आणि लगेच – "ठीक." खोकला, शेपटी, हॉर्न, हॉर्न.

दुपारी तारवाला आला. सरकारी तारा दुरुस्त करतो, पन्नाशीचा आहे, आणि तोंडाला खीळ नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघेल असं यंत्र असतं का रे?

"काका, हल्लीची यंत्रं बायकोपेक्षा जास्त ऐकून घेतात. आवाज झाला की थांबतात, संपला की बोलतात. का हो? तुमच्या त्या डबड्याला बसवताय की काय?"

"छे, छे! आपलं सहज."

चोराच्या मनात चांदणं, तसं झालं. कपाळाचा घाम उगीचच पुसला. त्याने पाहिलं नाही बहुतेक.

९ ऑक्टोबर, बुधवार

कपाटातून करार काढला. सोळा पानं, कडा पिवळ्या. कलम अकरा मला झोपेतही म्हणता येईल, तरी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं. दूरध्वनीचे यंत्र अथवा त्याचा चालक उभय पक्षांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येणार नाही. आता संमतीसाठी पत्र लिहायचं, तर पत्रावर त्यांच्या देशाचं नाव घालायला हवं. ते नाव आपण मानत नाही. आपलं ते मानत नाहीत. झालं! म्हणून हे काळं डबडं जसंच्या तसं आहे, आणि डबड्यापुढे मीही. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचा, आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. तारवाला चारचौघांत सांगतो – दोन देशांचं भांडण मिटेना, म्हणून काकांना घरी जाता येईना!

कलम बारा. सलग तीन दिवस प्रत्यक्ष संभाषण न झाल्यास तार मृत समजावी. 'प्रत्यक्ष' या शब्दाखाली रेघ आहे. यंत्राने दिलेलं उत्तर धरायचं नाही, असं खाली बारीक अक्षरात आहे. तार मेली की सरहद्दीवरचं फाटक बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी फाटकाशी दोन तास नातेवाइकांच्या भेटी होतात, त्या बंद. कायमच्या. कारण पुन्हा सुरू करायला पुन्हा संमती.

आणि माझा नंबर लागलाय. अकरा वर्षांनी. ३ नोव्हेंबर, भेट दहा मिनिटं. जाळीच्या पलीकडे ताई असेल. ताईला ब्याऐंशी झाली.

म्हणजे मी गप्प बसायचं. अवघड काय त्यात? छत्तीस वर्षं तेच तर करतोय.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आठवलं. गेल्या वर्षी मे महिन्यात दोन दिवस तिकडून उत्तर नव्हतं. मी हँडल फिरवत बसलो होतो, मनगट धरलं होतं. तिसऱ्या दिवशी दहाला – "येतंय." केवढं हायसं वाटलं होतं! हा खोकला तेव्हापासूनचा. सतरा महिने झाले.

तो गेला असणार. माणूस बदलता येईना, म्हणून त्यांनी आवाज ठेवून घेतला. आधी कधी भरून ठेवला होता कोण जाणे.

त्याचं नाव मला माहीत नाही. घरी सांगताना मी नुसतं 'पलीकडचा' म्हणतो. चेहरा माहीत नाही. ठरलेल्या शब्दांखेरीज एक अक्षर बोलायचं नाही, हा नियम, आणि तो आम्ही दोघांनी पाळला. तेरा हजार वेळा मला "ठीक" म्हणाला असेल.

काहीतरी वाटायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शर्टाचं बटण तुटलंय ते सूनबाईला सांगायचं राहिलं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तार, म्हणजे रिसीव्हर, आधी आपण ठेवायची, तिकडच्यांनी नंतर. तोही नियमच. आज हॉर्न वाजल्यावर मी ठेवली नाही. धरून बसलो. तिकडे कुणी नाही म्हणजे रागावणारंही कुणी नाही.

तारेत वारा आहे. खरंच! कान नीट लावला की ऐकू येतो. येतो, जातो. येतो, जातो. डावा कान छत्तीस वर्षं रिसीव्हर लावून लावून बधिर झालाय. मी हल्ली उजवा लावतो. उजव्याला ऐकू आला.

त्या वाऱ्याने काय झालं कोण जाणे, तिसरीच्या पुस्तकातली कविता आठवली. टपालाचा घोडा. पान चौऱ्याऐंशी, डाव्या हाताला. कोपऱ्यात घोड्याचं चित्र – त्याचा एक पाय चित्रकार काढायचाच विसरला होता, तीन पायांचाच घोडा. आम्ही सगळ्यांनी पेन्सिलीने चौथा काढून दिला होता. तेव्हा सरहद्दीची रेषा नव्हती. इकडे-तिकडे एकच पुस्तक होतं. म्हणून दाखवली, तारेला:

टपटप टपटप वाजे माती,
घोडा खाली येतो हो;
कुणास देतो चिठ्ठी हाती,
कुणास हसुनी जातो हो!

थांब जरासा, घोडेवाल्या,
माझी चिठ्ठी नाही का?
वाटा सगळ्या पाहुन झाल्या,
लिहिले कोणी काही का?

मग तिसरं कडवं. "घोडेवाला वळून सांगे" – आणि पुढे काही नाही! काय सांगे? डोकं खाजवलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून धावत येऊन उडी मारावी तसं म्हणून पाहिलं. तिथेच अडतं. पासष्ट वर्षं तो घोडेवाला मान वळवून उभा आहे माझ्यापुढे, आणि तोंड उघडत नाही.

ताईला येत असेल. तिनेच शिकवली होती, पाटावर ताल धरून.

१४ ऑक्टोबर, सोमवार

बाईसाहेबांनी बोलावलं. चार महिन्यांपूर्वी बदलून आल्या. वय माझ्या मुलीएवढं असेल, मुलगी असती तर. मी साहेब म्हणतो, त्या आजोबा म्हणतात.

"आजोबा, बसा ना."

"बसूनच तर असतो मी."

हसल्या. मग दार लोटून घेतलं. "वरून कागद आलाय. हे मी तुम्हाला बोलले नाही, पण वरच्यांना ही तार नकोय. एक कारण हवंय फक्त. तिकडच्यांनी करार मोडला असं कुठेतरी लेखी सापडलं, की तार कापायची आणि फाटकाला कुलूप ठोकायचं."

कागद पुढे सरकवला. एकच प्रश्न. समोरच्या बाजूस जिवंत माणूस उत्तर देतो, याची चालकास खात्री आहे काय? होय / नाही. ३१ तारखेच्या आत.

"तुमची बहीण तिकडे आहे ना? मग तुमची सही कशी धरायची, असं विचारतील मला."

"दुसऱ्या कुणाची धरणार, साहेब? कानाला लावून बसणारा दुसरा आहेच कोण!"

"तुम्हाला काय वाटतं? माणूस आहे ना?"

"वाटायचं वय गेलं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार बघितलं. "घरी न्या कागद," म्हणाल्या, "सावकाश भरा."

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सगळं शांत.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

तारेला आज हिच्याबद्दल सांगितलं. ठरवून नव्हे. कविता म्हणून झाली, वारा येत-जात होता, आणि तोंडातून निघालं – आमची ही गेली त्याला तीन वर्षं झाली.

मग थांबलोच नाही. सांगितलं की ही गेली त्या दिवशी मी आलो नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सगळे पाहुणे घरात बसलेले असताना चपला घातल्या आणि आलो. कलम बारा! मेव्हणा दारात आडवा आला. "अहो, लोक काय म्हणतील? बायकोपेक्षा फोन मोठा?" मी म्हणालो, फाटक बंद होईल. तो म्हणाला, "होऊ दे की!" त्याचं कुणी पलीकडे नव्हतं. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

आणि त्या दिवशी तू नेहमीसारखाच म्हणालास, येतंय, इकडे सगळं शांत, तिकडे? – मी म्हणालो, इकडेही सगळं शांत. घरात हिच्या बांगड्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. मी खोटं बोललो असं नव्हतं. आतून खरंच शांत होतं. तेव्हापासून तसंच आहे. गार पाण्यात फार वेळ हात ठेवला की बोटं कुणा दुसऱ्याची वाटतात, तसं.

टेपला 'तू' म्हणालो! हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सूनबाई विचारत होती, "बाबा, हल्ली दहाचे साडेदहा का होतात? पाच मिनिटांचं तर काम."

म्हटलं, वय झालं. हळू बोलतो.

२१ ऑक्टोबर, सोमवार

तारवाल्याला वाऱ्याचं सांगितलं, कौतुकाने. म्हटलं, तुझ्या तारेत वारा शिरलाय बघ, कसा छान येतो-जातो.

तो हसत सुटला. "काका, तुमची तार इथून फाटकापर्यंत आणि फाटकापासून त्यांच्या खोलीपर्यंत, साडेतीन फूट जमिनीखाली गाडलेली आहे. वारा काय नांगर घेऊन शिरला?"

"मग आवाज कसला येतो?"

"तुमचा कानच वाजत असेल. एक गेला, आता दुसऱ्याची पाळी."

असेल. तरी मला तो वारा आवडतो. आज त्याला गोठ्याचं सांगितलं – ताई सासरी गेली त्या दिवशी मी गोठ्यात लपून बसलो होतो, आणि ती बस थांबवून मला शोधायला परत आली. "रडतोस काय बारक्या, चाळीस मिनिटांवर तर चाललेय!" बसने चाळीस मिनिटंच होती तेव्हा. पुढे लढाई झाली, रेषा पडली. चाळीस मिनिटं अजून तेवढीच आहेत. बस नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आज ते सांगितलं. ही जिवंत असताना तिलाही सांगितलं नव्हतं. वहीतही कधी लिहिलं नाही. लिहितो.

एकोणीस वर्षांपूर्वी, मार्चमधला मंगळवार. सकाळी कामावर येताना टेकडीच्या रस्त्यावर चिखलात रुंद चाकांच्या खुणा पाहिल्या. वर जाणाऱ्या. खाली येणाऱ्या नव्हत्या. खोलीत तेव्हाचे साहेब आधीच येऊन उभे. एरवी कधी फिरकायचे नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नेहमीसारखं बोला हं. अगदी नेहमीसारखं."

मी काय समजलो नाही? समजलो. सगळं समजलो.

"इकडेही सगळं शांत." – "ठीक."

त्या दिवसांत तिकडे अशी पद्धत होती, की आमचं बोलणं झालं की भोंगा वाजायचा, आणि भोंगा वाजला की त्यांचा धान्यबाजार उघडायचा. खिडकीतून ऐकू यायचा मला. माझ्या शब्दावर दुकानांच्या फळ्या निघायच्या! त्या दिवशीही वाजला. अकरा वाजता टेकडीवरून तोफा सुरू झाल्या. बाजारातली बावीस माणसं. आकडा मला रेडिओवर कळला. आमच्या रेडिओने सात सांगितली होती, त्यांच्याने बावीस. मी बावीस धरतो.

दुसऱ्या दिवशी दहाला हँडल फिरवलं. वाटलं, आज शिव्या देईल, आईवरून, बापावरून, देऊ दे. – "येतंय. इकडे सगळं शांत. तिकडे?" तोच स्वर. एका सुताचा फरक नाही. मी म्हणालो, इकडेही. तो म्हणाला, ठीक. कधी विचारलं नाही त्याने. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी माणसात राहिलो असतो असं अधूनमधून वाटतं.

हे सगळं तारेला सांगितलं. शेवटी म्हणालो, तू गेल्यावर सांगतोय, हा भेकडपणाच. पण सांगतोय.

वारा थांबला होता. कधी थांबला ते कळलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वारा नाही. टेप वाजली आणि पुढे चिडीचूप. दहा मिनिटं धरून बसलो.

२६ ऑक्टोबर, शनिवार

नाही.

२८ ऑक्टोबर, सोमवार

आला! काल नव्हता, आज आहे. जरा घाईघाईने येतो-जातो. कानावर औषध घालायचं म्हणत होतो, ते राहू दे.

नुसती कविता म्हटली आज. दुसरं काही बोलायचं धाडस झालं नाही. कुणाचं भय वाटलं, ते देव जाणे.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

कागद भरून नेला. बाईसाहेबांनी उघडला नाही, आधी मलाच विचारलं. "विचार केलात ना, आजोबा? उद्या कळलं की तिकडे यंत्र होतं, तर पेन्शन जाईल तुमची. वर चौकशी."

"पेन्शन सुरू कुठे झालीय, जायला?"

"मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही, साहेब."

उघडला. 'होय'वर गोल केलेला. खाली सही. त्यांनी शिक्का मारला, हळूच. आवाज होऊ नये असा. मग म्हणाल्या, "रविवारी फाटकावर गर्दी असेल. दीडशे घरांचे अर्ज आहेत. सगळे तुमच्या दहाच्या फोनवर."

म्हणजे त्यांनाही कळलंय. निदान संशय आहे. आणि त्याही गप्प. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या कचेरीत भिंतीला तोंड नाही, ते एक बरं.

आयुष्यात दोनदा खोटं बोललो. एकदा साहेबांसाठी, एकदा ताईसाठी. पहिल्या वेळी जसं आत काही हललं नाही, तसंच आजही. घरी येऊन जेवलो. दोन वेळा वाढून घेतलं.

२ नोव्हेंबर, शनिवार

सूनबाईने बटण लावलं. शर्टाला इस्त्री केली, वर माझ्या केसांकडे बघून म्हणाली, "यांनाही केली असती." ताईसाठी काय न्यायचं, यावर चर्चा. खायचं न्यायचं नाही, कापड न्यायचं नाही, कागद तर मुळीच नाही. जाळीशी सगळं काढून घेतात.

"मग दिवसभर गुणगुणता ती कविता न्या, बाबा. तिला कोण अडवतंय?"

शहाणी आहे पोर. असं मी तिला कधी म्हणालो नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

दहाला बोलणं झालं. टेप, खोकला, हॉर्न, हॉर्न. तारेला घाईत म्हणालो, आज ताईला भेटतोय. रजिस्टर, सही. खिडकीतून फाटकाकडे झेंडी दाखवली गेली आणि इतकी माणसं एकदम उठून उभी राहिली, की जमीनच उठल्यासारखी वाटली.

जाळ्या दोन आहेत, मध्ये हातभर नव्हे, दोन पुरुष अंतर. मधून त्यांचा एक शिपाई आणि आमचा एक, फेऱ्या मारतात. पट्ट्याने आखलेल्या चौकटी. माझी चौकट एकोणीस.

ताई खुर्चीवर होती. खुर्ची उचलून आणली असावी. एवढीशी झालीय! शाल मोठी, आत ताई थोडी. शेजारी तिची नातसून, वाकून कानात सांगत होती. "आजी, तुमचा भाऊ. समोर बघा."

ताईने पाहिलं. मान हलवली. "हा नव्हे. माझा भाऊ एवढासा आहे." आणि हात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर धरला.

नातसून मला ओरडून सांगायला लागली, "मामा, वाईट वाटून घेऊ नका, त्यांना हल्ली कोणीच –"

वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. चौकटीत उभा राहिलो. पलीकडे शिपायाने बोटं दाखवली, सहा मिनिटं. अठरा नंबरच्या चौकटीत एक बाई नुसतीच रडत होती, बोलायची तिला आठवणच राहिली नव्हती. मला काही सुचेना, म्हणून कविता सुरू केली. मोठ्याने. टपटप टपटप वाजे माती! आमचा शिपाई वळून बघायला लागला. बघ म्हटलं. पहिलं कडवं झालं. "थांब जरासा, घोडेवाल्या" म्हटलं, आणि पलीकडून शालीतून आवाज आला, फाटका, पण तालात –

"माझी चिठ्ठी नाही का?"

खुर्चीच्या दांड्यावर तिची बोटं वाजत होती. पाटावर वाजायची तशीच.

दोघांनी मिळून दुसरं कडवं म्हटलं. मग मी म्हटलं, "घोडेवाला वळून सांगे," आणि थांबलो. विचारलं, "ताई, पुढे काय? काय सांगे तो?"

ताईच्या कपाळावर आठी. मग एकदम डोळे मोठे करून – "मेल्या! पुढचं पान तूच फाडलंस ना? होडी केलीस! ओढ्यात सोडलीस! तुझं वर्षाचं पुस्तक! बाबांनी मारलं मला, आणि तू दाराआड उभा! बोलला नाहीस!"

"हो ताई. मीच."

"बारक्या," ती म्हणाली. मग नातसुनेला, तक्रारीच्या सुरात, "बघ, कबूल करायला केवढा वेळ लावला याने."

शिपायाने शिट्टी वाजवली. खुर्ची उचलली. ताई मागे वळून बघत नव्हती. खुर्ची वळली की बिचारी तीही वळली.

म्हणजे मी विसरलो नव्हतो. ते पान मी कधी वाचलंच नव्हतं.

४ नोव्हेंबर, सोमवार

"येतंय. इकडे सगळं शांत. तिकडे?" – "इकडेही." – "ठीक." खोकला, शेपटी, हॉर्न, हॉर्न.

तारेला सांगितलं – ताई भेटली. पान मीच फाडलं होतं. आता शेवटचं कडवं आमच्यापैकी कुणालाच येत नाही.

वारा आला. गेला. आला. आणि वारा बोलला.

आवाज नव्हताच. नुसती हवा, शब्दांच्या आकाराची. "घसा... डॉक्टरांनी कापलाय. बोलवत नाही. बटण... दाबतो. ऐकतो... रोज."

मग, "बाजाराचं... ऐकलं."

मी तार ठेवली नाही. त्यानेही ठेवली नाही. मग एकेका ओळीला थांबत, दम घेत –

घोडेवाला वळून सांगे,
चिठ्ठी आहे वाटेवर;
घोडा पुढती, चिठ्ठी मागे,
दिवा ठेव तू खिडकीवर.

रजिस्टर उघडलं. प्रत्यक्ष संभाषण झाले. माझीच सही मला वाचता येत नाही.